मागचा हात: जोच्या वीस सुबुरींच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

मे महिन्यात पुण्यात ऐकिदो या जपानी युद्धकलेचं सहा दिवसांचं शिबिर झालं. शिकवणारे सेन्सेई जपानमधल्या इवामाच्या दोजोत (सरावाच्या जागेत) राहून साइतो मोरिहिरो यांच्या हाताखाली तयार झालेले. सहापैकी पहिले दोन दिवस त्यांनी वीस हालचालींपैकी फक्त एक नंबर घेतला. जाताना गृहपाठ दिला: नोव्हेंबरात परत येईपर्यंत जोच्या, म्हणजे काठीच्या, वीस सुबुरी घासायच्या, ३१ जो काताला (३१ हालचाली सलग जोडलेल्या क्रमाला) हात लावायचा नाही, आणि काठ्या शक्यतो इथल्याच लाकडाच्या करून बघायच्या.

गट सहा जणांचा. दर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ एकत्र, मधल्या दिवशी ज्याने त्याने घरी वीस मिनिटं. पुढे कुणी हेच करायला घेतलं तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी. चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

जो म्हणजे साधारण १२८ सेंमी लांब आणि २४-२५ मिमी जाड सरळ काठी. सुबुरी म्हणजे एकट्याने घासायची सुटी हालचाल. मराठीत लिहिताना 'जो' फार घोळ घालतो. पहिल्याच पानावर 'जो जो आवळून धरतो त्याचा' असं वाक्य झालं आणि वाचणाऱ्याला पाळणा आठवला. इथून पुढे बहुतेक ठिकाणी काठीच म्हटलं आहे.

२ जून, रविवार

पहिलं काम काठीचं नव्हे, वह्यांचं. शिबिरात सहाही जणांनी टिपणं घेतली होती. ती समोरासमोर ठेवली तेव्हा अकरा ठिकाणी एकमेकांशी जुळेनात. एकीत 'मागचा हात कमरेशी', दुसरीत 'मागचा हात बेंबीसमोर', तिसरीत नुसतंच 'मागचा हात!!' आणि खाली दोन रेघा.

दीड तास वाद झाला. मग प्रत्येकाने शिबिरात आपण कुठे उभे होतो ते सांगितलं आणि उलगडा झाला. उजवीकडे असलेल्यांना हात कमरेपासून निघताना दिसला होता, समोरच्यांना तो ओब्याच्या (कमरपट्ट्याच्या) गाठीसमोर येऊन थांबताना. दोन्ही बरोबर, एकाच त्सुकीची, म्हणजे काठी पुढे खुपसण्याची, दोन टोकं. अकरापैकी सात भांडणं अशीच मिटली. उरलेली चार (८, १०, १७ आणि १८ नंबरची) वेगळ्या पानावर काढून ठेवली.

सूचना: शिबिरात टिपण घेताना वाक्यासोबत आपण कोणत्या बाजूला उभे होतो ते लिहा. 'उ', 'डा', 'स', 'मा' एवढं एक अक्षर पुरतं.

नंबरांची मांडणी: त्सुकी ५, उचिकोमी (वरून मारणं) ५, एकहाती कातते ३, हास्सो (काठी खांद्याशी उभी) ५, नागारे (वाहत्या) २. हे गट आणि नंबर साइतोंचे. ऐकिदोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई १९४२ मध्ये इवामाला राहायला गेले. साइतो १९४६ मध्ये, अठराव्या वर्षी, तिथे शिकायला लागले. रेल्वेतली नोकरी, एक दिवस पूर्ण चोवीस तास काम आणि मग सुट्टी, त्यामुळे सकाळच्या हत्यारांच्या सरावाला ते वर्षानुवर्षं हजर राहू शकले. उएशिबा नंबर लावून शिकवत नसत. हालचाली सुट्या करून, नावं देऊन, मोजून शिकवायची पद्धत साइतोंनी बसवली. आज आपण 'चार नंबर चुकतोय' असं म्हणू शकतो ते त्यामुळे.

९ जून

लाकूड. बाहेरून मागवलेली जपानी ओकची एक काठी कुरिअर आणि कस्टम धरून ४,८०० रुपयांना पडली होती. अशा दोनच आहेत गटात. वजन ४९० ग्रॅम.

वखारीत आधी सागवान घेतलं, कारण ते सरळ आणि सुकं मिळतं. दोन पट्ट्या ६४० रुपये. मिस्त्रींनी विचारलं, "कपडे वाळत घालायची काठी का साहेब? मग पाइप घ्या की." २५ मिमीची काठी ४१० ग्रॅम भरली. हातात फारच हलकी. तिसऱ्या दिवशी गच्चीच्या कठड्याला टोक लागलं आणि वीतभर चीर गेली, रेषेला धरून सरळ. सागाचा नाद सोडला. ज्यांना नुसती हालचाल बघायची आहे त्यांनाही सुचवणार नाही, कारण चिरलेल्या सागाची कूस तळव्यात घुसली की आठवडा जातो.

मिस्त्रींचंच म्हणणं: कुऱ्हाडीच्या दांड्याला जे लाकूड चालतं ते घ्या. म्हणजे धावडा. नऊ पट्ट्या, ३२ मिमी चौरस, १३७ सेंमी लांब, प्रत्येकी ३५० रुपये. कापणावळ एकूण ४५०. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: गाठ एकही नको, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी, आणि मधला गाभा पट्टीत येता कामा नये. रेषा डोळ्याला कळत नसेल तर रंधलेल्या बाजूवर बॉलपेनची नव्हे, दौतीची शाई एक थेंब टाकायची. ती रेषेच्या दिशेने पसरते. थेंब पट्टीच्या कडेकडे सरकला तर ती पट्टी परत.

'सुकलेलं आहे' असं वखारवाल्याने सांगितलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पट्टी १,४६० ग्रॅम भरली. दोन्ही टोकांना फेव्हिकॉल फासून पंख्याखाली आडव्या ठेवल्या, मध्ये पट्ट्यांचे तुकडे घालून. दर रविवारी वजन.

१६ जून

एक नंबर, चोकू त्सुकी. डावा पाय पुढे, काठी समोर उभी, डाव्या हातात वरचा भाग. काठी उचलून उजवा हात मागचं टोक धरतो, डाव्या हातातून काठी सरकत पुढे जाते.

क्रिकेटवाल्यांचा मोज्यातला चेंडू कामी आला. जुन्या मोज्यात टेनिस बॉल, गच्चीवरच्या वाळत घालायच्या दोरीला टांगला, जमिनीपासून ११८ सेंमीवर. बरगड्या जुळतात त्याच्या जरा खाली, असा हिशेब. टोक सरळ गेलं तर चेंडू सरळ मागे जातो आणि सरळ परत येतो. हात गोल फिरला तर चेंडू बाजूला झोके घेतो.

पहिल्या दिवशी सहा जणांच्या मिळून १२० त्सुकींमध्ये २३ सरळ. बाकीच्यांत चेंडू जवळजवळ नेहमी डावीकडे गेला. एकाच बाजूला जातोय म्हणजे कारणही एकच असणार. बाजूने काढलेल्या व्हिडिओत काही दिसेना. फोन समोर, चेंडूच्या रेषेत ठेवला तेव्हा दिसलं: उजवं कोपर बाहेर उघडतंय, त्यामुळे मागचं टोक उजवीकडे आणि पुढचं डावीकडे.

उपाय म्हणून उजव्या काखेत घडी केलेला रुमाल धरून पाहिला. रुमाल पडत नव्हता, पण खांदे कानापर्यंत चढले. आठवडाभराने सोडून दिलं.

२३ जून

शिबिरातली एक गोष्ट नीट आठवून पुन्हा केली. सेन्सेई समोर उभे राहत आणि काठीचं पुढचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरत, हळद उचलावी तसं. मग म्हणत, "कर." ज्याचा पुढचा हात आवळलेला असेल त्याची काठी चिमटीत थरथरे आणि ते लगेच सोडून पुढच्या माणसाकडे जात. काही बोलत नसत. तेव्हा वाटलं होतं, टोकाची दिशा तपासताहेत. वह्यांत तसंच लिहिलं आहे, सहाही जणांच्या.

आज आळीपाळीने चिमट धरली. धरणाऱ्याला जे कळतं ते करणाऱ्याला अजिबात कळत नाही. पुढच्या हाताने ढकललं की टोकाला झटका जाणवतो. मागच्या हाताने ढकललं की टोक नुसतं पुढे येतं, लोणी कापत आल्यासारखं. कोपर उघडण्याचं मूळही इथेच निघालं: पुढचा हात काठी ओढतो, मग मागच्या हाताला काम उरत नाही आणि तो भरकटतो. रुमालाने कोपर बांधून काय होणार होतं!

उपाय: पुढच्या हाताची फक्त अंगठ्याची आणि मधल्या बोटाची कडी, बाकी बोटं उघडी. पन्नास वेळा तशी. मग बोटं मिटायची, पण दाब तेवढाच. काठीवर स्केचपेनने खुणा केल्या. शेवटी दोन हातांत ३५ ते ४० सेंमी अंतर राहतं; २५ च्या आत आलं तर टोक डुलतं.

आणखी एक अडचण. ओकच्या एका काठीवर कुणीतरी आधी चकचकीत पॉलिश मारलेलं होतं. दमट हवेत घामेजलेल्या तळव्याला ते चिकटतं, काठी सरकत नाही, म्हणून माणूस नकळत दोन्ही हातांनी ढकलतो. दोघांच्या डाव्या तळव्याला फोड आले ते या काठीनेच. भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याने पॉलिश उतरवलं, चाळीस मिनिटं लागली.

७ जुलै

३० जूनला पालख्यांमुळे रस्ते बंद, सराव नाही.

लेथचा प्रयोग फसला. सगळ्यात वाकड्या दोन पट्ट्या आधी खरादीकडे दिल्या, प्रत्येकी २५० रुपये. सव्वा मीटर लांब आणि इंचभर जाड लाकूड लेथवर मध्ये थरथरतं. मधे आधार द्यायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. एक काठी टोकाला २६ मिमी आणि मध्यावर २२.५ आली. दुसरी मध्यावर उसळून फाटली. दोन पट्ट्यांचे ७०० आणि मजुरीचे ५०० गेले. लेथ वापरायचाच असेल तर मधला आधार आहे का ते आधी विचारा. नसेल तर पैसे वाचवा.

२१ जुलै

गेल्या दोन रविवारी वजनात ५ ग्रॅमचाच फरक: १,२९५, १,२९०. यापेक्षा खाली पावसाळ्यात जाणार नाही. सात पट्ट्या मिस्त्रींकडे, रंध्यानेच करायच्या. मजुरी प्रत्येकी ४००.

पद्धत इथे सविस्तर, कारण याच टप्प्यावर गोंधळ होतो. पट्टी आधी २६ मिमी चौरस करायची, चारही बाजू गुण्यात. मग प्रत्येक कडेपासून बाजूच्या ०.२९ पट, म्हणजे साडेसात मिमीवर, दोन्हीकडे पेन्सिलीची रेघ पूर्ण लांबीभर. दोन रेघांमधला कोपरा रंधून काढला की अष्टकोन. आठही बाजू पावणेअकरा मिमीच्या आसपास हव्यात. एखादी आठवर आली तर तिथे थांबून समोरची बाजू तपासायची. अष्टकोनाचे आठ कोपरे हलके रंधून सोळा बाजू. इथपर्यंत गोल करायची घाई करायची नाही. मिस्त्रींनी पहिली काठी अष्टकोनावरून थेट गोल केली आणि ती अंडाकृती झाली, एका बाजूने २५.५ आणि दुसऱ्या बाजूने २३.८. वापरता येते, पण हातात फिरताना खड्ड्यातून गेल्यासारखं वाटतं. ती राखीव.

सोळा बाजूंनंतर पॉलिश पेपर ८० नंबर, आडवा गुंडाळून. मग १२० आणि २२० लांबीच्या दिशेने. टोकांच्या कडा दोन मिमी मोडायच्या. आधीपासून गोल टोक करू नका, लांबी मोजायला त्रास होतो.

सरळपणा: कडप्प्याच्या ओट्यावर काठी लोटायची आणि डोळे मिटून ऐकायचं. सरळ काठी एकसारखी गुरगुरत जाते. बाक असेल तर प्रत्येक वेढ्याला 'टक' येते. टक जिथे येते तिथे खडूची खूण, तिथेच रंधा. सातपैकी चार काठ्या पहिल्याच वेळी गुरगुरल्या.

तयार वजन ५४० ते ५८५ ग्रॅम. ओकपेक्षा जड, आणि टोकाचं वजन हाताला कळतं.

२८ जुलै

२५ तारखेच्या पावसाने आठवडा गेला. गच्चीवर शेवाळ. दोघे घसरले, दुखापत नाही. ब्लीचिंग पावडर १२० रुपयांची, रात्रभर ठेवून खराट्याने घासली. चार दिवसांत शेवाळ परत. शेवटी शाळेचा हॉल मिळाला. तिथे दुसऱ्याच मिनिटाला सहा नंबरने, शोमेन उचिकोमीने, ट्यूबलाइट फुटली. छताची उंची ठरवताना काठी डोक्यावर उभी येते हे लक्षात ठेवा: साडेनऊ फुटांच्या खाली पंखे असतील तर नकोच.

तेल: जवसाचं कच्चं तेल, फडक्याने चोळून, दहा मिनिटांनी पुसून. उन्हाळ्यात एक हात दिवसभरात सुकतो. आत्ता चार दिवस लागले. तीन हातांना दोन आठवडे. तेलाचं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

दोन ते पाच नंबरांबद्दल थोडक्यात. दोनमध्ये (काएशी त्सुकी) उजवा हात उलटा, अंगठा खाली, वरचं टोक धरतो आणि खालचं टोक फिरून पुढे येतं. सगळ्यांची चूक एक: फिरवण्याच्या नादात मागचा हात डोक्याच्या वर राहतो आणि त्सुकी उतरत्या छपरासारखी जाते. हात खाली, कमरेच्या पातळीला आला की नाही ते चेंडू सांगतो. चेंडू खाली दाबला गेला तर आला नाही. तीनमध्ये (मागच्या बाजूला त्सुकी) आधी मान, मग काठी. मागे माणूस असू शकतो म्हणून तीन मीटर अंतर, यात सूट नाही. चार आणि पाच ठीक.

११ ऑगस्ट

कातते, ११ ते १३. इथे मागचा हात एकटाच असतो, म्हणून इतके दिवस लपलेलं सगळं उघडं पडलं.

प्रत्येकी वीसचे तीन फेरे केले आणि दुसऱ्या आठवड्यात तिघांचं उजवं कोपर बाहेरून दुखायला लागलं. कारण वजनापेक्षा थांबवण्यात होतं. ११ आणि १२ मध्ये फिरून आलेली काठी डाव्या हाताने झेलायची असते. डावा हात उशिरा पोचला की उजवा एकटा ५६० ग्रॅमला ब्रेक लावतो, मनगट आणि कोपराने. फोनवर संथ करून पाहिलं: काठी पोचते तेव्हा तिघांचे डावे हात अजून छातीशी.

उपाय: पंधरा दिवस कातते बंद. नंतर काठीशिवाय फक्त डावा हात, वेळेआधी जागेवर नेऊन ठेवायचा. मग काठी त्यात येऊन पडते. पकड करंगळी आणि अनामिकेत. तर्जनी ताणली की मनगट आखडतं. दुखणं असताना 'थोडं थोडं' करत राहिलेल्या एकाचं सप्टेंबरअखेरपर्यंत गेलं नाही, पूर्ण थांबलेल्या दोघांचं तीन आठवड्यांत गेलं.

तेरा नंबरचं नाव, हाची नो जी गाएशी. वहीत इंग्रजी आठाचा आकडा काढला होता, आडवा, आणि काही जण तसंच समोर आडवं फिरवत होते. 'जी' म्हणजे अक्षर. जपानी आठाचं अक्षर म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा, कौलारू छपरासारख्या. भिंतीवर खडूने ते अक्षर काढलं आणि त्यावरून टोक उतरवलं. दोन्ही बाजूंना उतरणं आल्यावर मधला वेढा आपोआप आला.

२५ ऑगस्ट

हास्सो, १४ ते १८. काठी उजव्या हातात फिरून उजव्या खांद्याशी उभी राहते आणि डावा हात खालचं टोक पकडतो. शिकताना ती कानाला लागते. पहिल्या सकाळी चार कान.

शहाणपणा म्हणून वायरिंगचे २५ मिमी पीव्हीसी पाइप आणले, वरून एसीच्या पाइपचा काळा फोम. तीन पाइप मिळून ६१० रुपये. कान वाचले. दोन आठवड्यांत सगळ्यांचा हास्सो झकास दिसायला लागला.

१ सप्टेंबर

धावड्याच्या काठ्या परत हातात घेतल्या आणि झकास हास्सो गायब. पाइप इतका हलका की मनगटाच्या फटकाऱ्याने उभा राहतो. लाकूड तसं राहत नाही, त्याला कमरेने फिरवावं लागतं. मग पाइपात कोरडी वाळू भरून टोकं बंद केली. वजन जमलं, पण पाइप मध्ये झोळीसारखा वाकला आणि वाळू एका टोकाला जमायला लागली. दोन आठवडे आणि ६१० रुपये पाण्यात.

जे चाललं ते असं: लाकडाचीच काठी, श्वासाच्या गतीने, दहाच वेळा. काठी उभी झाली की थांबून खालच्या टोकाकडे बघायचं. डाव्या मुठीखाली काठी दिसत असेल तर टोक पकडलेलं नाही, मधेच धरलंय. त्या वरच्या चार बोटांच्या फरकानेच काठी कानाकडे झुकते. टोक तळव्यात बसलं की काठी कानापासून वीतभर लांब राहते. फोमची गरजच नव्हती.

७ ते १७ सप्टेंबर हॉल गणपतीला दिलेला, त्यामुळे मधले दोन्ही रविवार गेले. घरी १ ते १०, प्रत्येकी वीस.

२२ सप्टेंबर

दोघांनी सुट्टीत व्हिडिओ बघून ३१ जो काता सुरू केली होती. सांगितलं नव्हतं, पण एक नंबर करताना कळलं: त्सुकी संपायच्या आत मागचा हात पुढच्या हालचालीकडे निघालेला. चेंडूची मोजणी ऑगस्टअखेर वीसपैकी सोळा-सतरावर होती, ती नऊवर आली. सुट्या हालचाली पक्क्या व्हायच्या आत त्या जोडल्या की सांधा आधी शिकला जातो आणि हालचाल मागे राहते. पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले.

८ आणि १० नंबरचं भांडण आज मिटलं. दहामध्ये (ग्याकू योकोमेन उशिरो त्सुकी) पाय कुठे हा प्रश्न होता. दोन वह्या पायाबद्दल बोलत होत्या आणि दोन नजरेबद्दल. फरशीवर खडूने पाय आखून चारही प्रकार केले. एकातच मागची त्सुकी मागच्या माणसाच्या रेषेत जाते. बाकीच्यांत ती त्याच्या शेजारून जाते. हे लिहून कळत नाही, मागे झाडू धरून कुणाला तरी उभं करा. माणसापेक्षा झाडू बरा.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. खंडेनवमीला मिस्त्रींच्या रंध्याशेजारी एक काठीही पाटावर होती, झेंडूसकट.

ऑक्टोबरच्या उन्हाने काठ्या आणखी बारीक झाल्या: २५.० ची २४.७. एक मध्यावर चार मिमी वाकली. ती उन्हात उलटी, दोन विटांवर टेकवून, मध्ये दगडाचं वजन ठेवून तीन दिवस; दीड मिमीवर आली. उभी कोपऱ्यात टेकवून ठेवणं हे कारण असावं, बाकीच्या आडव्या खुंट्यांवर होत्या आणि सरळ राहिल्या.

वीसही नंबर सलग, प्रत्येकी दहा: आठवडाभराच्या सरासरीने २४ मिनिटं. १९ आणि २० (नागारे) मध्ये विशेष काही नाही. आधीचे अठरा धड असतील तर ते वाहतात, नसतील तर कुठे अडतंय ते दाखवतात.

खर्च आजपर्यंत: साग ६४०, धावडा ३,१५०, कापणावळ ४५०, खरादी ५००, मिस्त्री २,८००, तेल २८०, पॉलिश पेपर १८०, पाइप-फोम ६१०, ब्लीचिंग १२०. एकूण ८,७३०, ट्यूबलाइट सोडून. चुका वगळून हिशेब केला तर एक काठी ८८० रुपयांच्या आसपास पडते.

२७ ऑक्टोबर

१७ आणि १८ अजून अडकलेले. सतरामध्ये हास्सोनंतर मागे वळून उची, म्हणजे वरून मारणं. अठरामध्ये बाराई, म्हणजे झाडून काढणं. हातात फरक येतो, पण वळताना पाय दोन्हीत सारखाच पडतोय आणि तसा पडायला नको अशी शंका आहे. वह्यांत चार मतं. मत मांडत बसण्यापेक्षा प्रश्न लिहून ठेवला, चारही प्रकारांच्या व्हिडिओसह.

१७ नोव्हेंबर

सेन्सेई आले. काठ्या बघितल्या, एक फरशीवर लोटली, कान लावला, दुसरी लोटली. अंडाकृती राखीव काठी हातात फिरवून हसले आणि तीच वापरायला घेतली.

सकाळभर एक नंबर. चिमटीची परीक्षा. सहापैकी चौघांच्या वेळी ते चिमट धरून दहाही त्सुकी संपेपर्यंत थांबले. दोघांच्या वेळी चौथ्या-पाचव्याला सोडून पुढे गेले. ते दोघे काता करणारेच.

१७-१८ चा निकाल दोन मिनिटांत लागला. सतरामध्ये मागचा पाय वळून नवीन रेषेवर जातो, अठरामध्ये झाडण्याला जागा द्यायला तो आणखी बाहेर पडतो. चारपैकी एकही वही बरोबर नव्हती. निकाल उजवीकडून आणि मागून, दोन्ही बाजूंनी व्हिडिओत घेतला, पानावर 'उ, मा' लिहून.

मग त्यांनी गटातल्या सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटक्या माणसाला समोरासमोर उभं केलं आणि दोघांना एक नंबर करायला सांगितलं. दोघांची टोकं बरोबर त्याच उंचीवर थांबली. उंच माणसाच्या पोटावर, बुटक्याच्या छातीवर. बाकीच्या चौघांचीही तिथेच. पाच महिने ११८ सेंमीवर टांगलेला चेंडू सगळ्यांच्या हातात बसला होता, समोर माणूस कोण आहे याचा पत्ताच नाही.

दोरीला आता चार गाठी मारल्या आहेत: १०५, ११५, १२५, १३५. दर दहा त्सुकींना दुसऱ्या माणसाने चेंडू बदलायचा, करणाऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं आणि वळल्यावर लगेच करायची. पहिल्या दिवशी वीसपैकी सात.